मान सरळ, पाठ सरळ

९ जानेवारी

प्रिय भावजी,

साठ! आधी आकडा लिहिते, क्षेमकुशल मागाहून. काल संध्याकाळी तुमच्या या त्रेपन्न वर्षांच्या वहिनीने साठ किलोची डेडलिफ्ट मारली. जमिनीवरून उचलून मांड्यांपर्यंत, ताठ उभी राहून, आणि कुणाच्या पायावर न पाडता परत खाली. माझं वजन एकोणसाठ. म्हणजे मी अख्खी मला उचलली, आणि वर किलोभर साखर!

तुम्ही म्हणाल, फोन करायचा सोडून पत्र कसलं लिहिताय. त्याला कारणं दोन. पहिलं, मान. गेल्या जूनमध्ये माझ्या मानेच्या मणक्यांमधली गादी सरकली, हे तुम्हाला माहीतच आहे. सव्वीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये वाकून लोकांच्या कवळ्या घडवल्या, त्याचं हे बक्षीस. डाव्या खांद्यापासून बोटांपर्यंत अशा कळा यायच्या की चहाचा कप धरवत नव्हता. सहा आठवडे गळ्यात पट्टा घालून शहामृगासारखी फिरले. तेव्हापासून मान खाली घालून फोन बघायचा नाही, असा फिजिओचा हुकूम आहे. कागद मात्र तिरक्या फळीवर, डोळ्यांसमोर ठेवून लिहिता येतो.

दुसरं कारण म्हणजे तुमचे दादा. मी फोनवर नुसतं 'हं' म्हटलं तरी पलीकडच्या खोलीतून 'काय झालं?' येतं. आणि त्यांना यातलं काही म्हणजे काहीही माहीत नाही. मी 'मानेच्या व्यायामाला' जाते, एवढंच त्यांना ठाऊक. ते खोटं नाहीच. फिजिओनेच मला जिममध्ये पाठवलं. म्हणाली, मानेला नुसता आराम देऊन भागणार नाही, तिच्या खालची सगळी इमारत पक्की करा. तिथे शिकवणाऱ्या बाई पूर्वी गोळाफेक करायच्या, त्यांना सगळे कप्तान म्हणतात. पहिले दोन आठवडे माझ्या हातात झाडूचा दांडा होता. मग रिकामा लोखंडी बार. मग आठवड्याआठवड्याने एकेक बारीक प्लेट वाढत गेली, आणि काल साठ.

घरात हे कुणाला सांगू? अकरा वर्षांपूर्वी तुम्ही एकशे ऐंशी उचलायला गेलात आणि जिमच्या फरशीवर कोसळलात. दादांनीच तुम्हाला दवाखान्यात नेलं. घरी आले तेव्हा शर्ट घामाने चिंब होता. जेवले नाहीत. एवढंच म्हणाले, "या घरात पुन्हा हे नको." तेव्हापासून बार हा शब्द आमच्याकडे निघत नाही.

पण तुम्ही तर आता पुन्हा उचलत असाल ना? किती होतं? माझ्या आनंदाचं वजन पेलेल असा घरात दुसरा माणूस नाही हो! पत्र लॅबच्या पत्त्यावर पाठवा.

तुमची,
साठ किलोवाली वहिनी


१७ जानेवारी

ती. वहिनींस साष्टांग नमस्कार, पण उभ्यानेच समजून घ्या.

तुमचं पत्र मी लिफ्टच्या मशीनरूममध्ये वाचलं आणि इतक्या जोरात "शाब्बास!" ओरडलो की खाली अडकलेल्या बाई आतून विचारायला लागल्या, "चालू झाली का?" साठ! पहिल्याच वर्षात! अहो वहिनी, मी विसाव्या वर्षी सुरुवात केली तेव्हा पहिल्या वर्षी नव्वदवर होतो, आणि तेव्हा माझी मान शाबूत होती. तुम्ही कमाल केलीत.

आता जुन्या माणसाचा सल्ला ऐका. मान पाठीच्या रेषेत. दोन हातांवरच्या जमिनीवर नजर ठेवा, समोर नको आणि वर तर मुळीच नको. हनुवटी किंचित आत. बार नडगीला घासत वर आला पाहिजे. आणि उचलण्याआधी पोटात श्वास भरून कंबर चहूबाजूंनी घट्ट, कुणी गुद्दा मारणार आहे असं समजून. मानेवर बार ठेवून बैठका मारायला कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा. वजन छातीशी धरून मारा.

माझं विचारलंत. हो, उचलतो की! पूर्वीसारखं नाही, पण परवाच शंभर उचलले, पाच वेळा. चला, आपण असं करू. दर पत्रात दोघांनी आपापले आकडे कळवायचे. बघू कोण किती पुढे जातं. दादाला मी अवाक्षर सांगणार नाही.

तुमचा,
लिफ्टवाला, दोन्ही अर्थांनी


२२ फेब्रुवारी

प्रिय भावजी,

साडेबहात्तर! आणि ही बातमी नव्हेच. बातमी पुढे आहे.

जिमच्या भिंतीवर कागद लागला होता. चौदा जूनला स्पर्धा, फक्त डेडलिफ्ट, पन्नाशीच्या पुढच्या बायकांचा वेगळा गट. मी तो कागद वाचत उभी होते. कप्तान मागून आल्या, म्हणाल्या, "चष्मा लावून वाचा, तुमच्यासाठीच आहे." मी म्हटलं, "अहो, मी कवळ्या करणारी बाई." त्या म्हणाल्या, "मग हसायला तयार राहा." आणि पेन हातात दिलं. भावजी, मी नाव घातलं! सही अशी वेडीवाकडी आली की लग्नाच्या नोंदवहीतली तरी बरी होती.

चोरी छान चालली आहे. जिमचे बूट लॅबच्या कपाटात, प्लॅस्टरच्या जबड्यांच्या रांगेमागे. हाताला खडूची पूड राहते, पण तुमच्या दादांना वाटतं लॅबमधलं प्लॅस्टर आहे. परवा म्हणाले, "हल्ली फार काम दिसतंय." मी म्हटलं, "हो ना, लोकांचे दात पडतायत." गेल्या आठवड्यात बाथरूमचं कपाट त्यांच्याकडून हलेना. ते स्क्रूड्रायव्हर आणायला गेले तेवढ्यात मी ते हलवून ठेवलं. परत आल्यावर बराच वेळ कपाटाकडे बघत होते.

एक मात्र वाईट वाटतं. तीस वर्षांत मी त्यांच्यापासून असं काही लपवलं नव्हतं. तरी जाते. बार हातात आला की कसं सांगू, वयबिय सगळं गळून पडतं.

तुमचे आकडे?

वहिनी


२ मार्च

ती. वहिनींस नमस्कार.

स्पर्धा! मी तुमचं पत्र तीनदा वाचलं. जा, नक्की जा. पहिली उचल अशी निवडा की ताप असतानाही जमेल. दुसरी, सरावात जमलेली. तिसरी, स्वप्नातली.

माझे आकडे: जानेवारी अखेर १०५, फेब्रुवारी मध्य ११०, अखेर ११५. पुढच्या महिन्यात १२०, त्यानंतर १२५. पाठ उत्तम. कधी आठवणही येत नाही तिची.

तुम्ही मार्चअखेर ऐंशी करा. मला खात्री आहे. थांबू नका, आता गाडी वेगात आहे.

लिफ्टवाला


२८ मार्च

प्रिय भावजी,

ऐंशी झाले! तुमचं म्हणणं खरं केलं. कप्तान म्हणत होत्या दोन आठवडे थांबा, पण मीच हट्ट धरला, तुमचं पत्रच दाखवलं.

बाकी ठीक. डावा हात हल्ली जरा आळशी झालाय. अंगठा आणि शेजारचं बोट झोपूनच असतात, त्यांना उठवावं लागतं. मंगळवारी एका आजोबांची वरची कवळी हातातून निसटली आणि टेबलाखाली जाऊन हसत बसली! लॅबभर हशा पिकला. ती दुसरी करून दिली. लॅबमधल्या एसीच्या थंडीमुळे असेल. मी हातमोजा घालते.

कप्तानना बोलले नाही. उगाच बाऊ करतील. पुढचा टप्पा पंच्याऐंशी.

वहिनी


१ एप्रिल

वहिनी,

नमस्कार-चमत्कार नंतर. थांबा. बारला हात लावू नका. हे पत्र वाचून संपायच्या आत फिजिओला फोन लावा आणि अंगठा-बोटाचं सगळं सांगा. कवळी निसटल्याचंही सांगा, हसू न आणता. ही थंडी नाही.

मला कसं माहीत? एकशे ऐंशीच्या आधी तीन आठवडे माझ्या डाव्या पायात मुंग्या होत्या. पोटरीपासून करंगळीपर्यंत. मी कुणाला सांगितलं नाही. एकशे ऐंशीचा विक्रम कुणा दुसऱ्याने करायच्या आत मला करायचा होता. जिन्यात पाय अडखळला तर मीच हसलो. अगदी तुमच्यासारखाच. लोकांना वाटतं वजनाने माझी पाठ मोडली. ती वजनाने मोडली नाही, वहिनी. मी तोंड बंद ठेवलं म्हणून मोडली.

आणि आता दुसरं, जे लिहायला मला लाज वाटते. माझे आकडे खोटे आहेत. सगळे. शंभर नाही, एकशे दहा नाही, काहीच नाही. अकरा वर्षांत मी बारला हात लावलेला नाही. जिमवरून जायचं झालं तर रस्ता बदलतो. कामावर अवजारांची पिशवी माझा जोडीदार उचलतो, चौदा किलोची पिशवी, आणि मी 'जपून रे' म्हणत मागून चालतो. तुमचं साठ वाचलं आणि इतका आनंद झाला, की मी तो आनंद बाहेर उभं राहून बघतोय हे कबूल करवेना. म्हणून शंभर लिहिले. आणि त्या खोट्या शंभराच्या जोरावर तुम्हाला 'थांबू नका' म्हणालो. तुमच्या हाताला काही झालं तर ते माझ्या माथी.

उलट टपाली कळवा. नाहीतर मी दादाला फोन करेन, मग तुम्ही कितीही रागावा.

तुमचा भावजी


१९ एप्रिल

प्रिय भावजी,

हात आहे. जागेवर आहे, आणि जागा झाला आहे.

तुमचं पत्र लॅबमध्ये उभ्यानेच वाचलं आणि तशीच फिजिओकडे गेले. तिने हातोडीने कोपर ठोकलं, बोटं एकेक दाबायला लावली, मान सगळ्या दिशांनी वळवून बघितली, मग डॉक्टरांकडे पाठवलं. ताकद गेलेली नाही, नस चिडली आहे, एवढंच. वेळेवर आलात, म्हणाले. आणि एक महिना तसंच दामटलं असतं तर काय झालं असतं तेही सांगितलं. ते मी लिहीत नाही, वाचताना मलाच भीती वाटेल.

कारणही सापडलं. कप्ताननी मला रिकाम्या बारने उचलायला लावलं आणि बाजूने बघत राहिल्या. म्हणाल्या, "तुम्ही आरशात बघताय." भावजी, बघतच होते! तुम्ही लिहिलं होतं नजर जमिनीवर, पण समोर एवढा मोठा आरसा, आणि त्यात वजन उचलणारी एक बाई, आणि ती मी. त्रेपन्नाव्या वर्षी स्वतःवर फिदा झाले. प्रत्येक वेळी मान मागे जात होती. आता कप्ताननी माझ्या जागेपुढच्या आरशावर जुनी चादर अडकवली आहे. लॅबमधलं माझं टेबलही मी चार बोटं उंच करून घेतलं. तीन आठवडे फक्त हलकी वजनं, मग चाळीसपासून पुन्हा.

तुमच्या खोट्या आकड्यांबद्दल. मला मार्चपासून संशय होता. शंभर, पाच, दहा, पंधरा, वीस, पंचवीस, एकही पायरी चुकत नाही, जणू तुमची लिफ्टच मजले मोजतेय. माझ्या वहीत बघा: साठ, मग साडेसत्तावन्न, मग ताप, मग पासष्ट, मग बार जमिनीला चिकटला, हललाच नाही. खऱ्या वहीत खराब दिवस असतात हो. पण मला वाटलं, पुरुष माणूस आहे, थोडं फुगवून सांगत असेल. पूर्ण शून्य असेल असं नव्हतं वाटलं.

रागावले होते. दोन दिवस. मग आठवलं की मीही थंडीचं कारण सांगून तुम्हाला नुसता हातमोजा दाखवला. फिट्टंफाट.

आता माझी अट ऐका. मी स्पर्धेला जाणार ती एकाच अटीवर. चौदा जूनच्या आत तुम्ही फिजिओला पाठ दाखवायची, त्यांनी हो म्हटलं तर रिकामा बार उचलायचा. वीस किलो. आणि खराब दिवसासकट कळवायचं.

वहिनी


११ मे

ती. वहिनींस नमस्कार.

चाळीस!!!

हसू नका. एके काळी चाळीसने मी अंग गरम करायचो. पण शेवटपर्यंत वाचा, मग कळेल हे चाळीस म्हणजे काय.

फिजिओने तपासलं. म्हणाला, "पाठ बरी होऊन नऊ वर्षं झाली असतील. तुम्ही कुणाची वाट बघताय?"  

पहिल्या दिवशी जिमच्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. आत कुणीतरी बार खाली टाकला, तो आवाज ऐकला आणि माझे तळवे ओले झाले. दुसऱ्या दिवशी आत गेलो, पाणी प्यायलो, बाहेर आलो. खराब दिवस मागितले होतेत ना, हे घ्या दोन. तिसऱ्या दिवशी तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "हा बार कोणी वापरतंय का?" माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, मी." मग काय, उचलावाच लागला!

ठोकळ्यांवर ठेवलेला, गुडघ्याच्या चार बोटं खाली. श्वास भरला. कंबर आवळली. आणि वहिनी, तो वर आला. कुठे काही तुटलं नाही. मी तिथे वीस किलो धरून उभा होतो आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि ते गृहस्थ म्हणतायत, "फार जड आहे का? मदत करू?"

त्यानंतर पंचवीस. मग एकदा पाठ आखडली, चार दिवस फक्त चाललो. मग पुन्हा वीस. मग तीस. काल चाळीस, ठोकळ्यांवरूनच, तीनदा. आज सकाळी अवजारांची पिशवी मीच उचलली. जोडीदार म्हणाला, "नोकरी सोडताय का काय?"

आता तुम्ही अट पाळा. बोटं कशी आहेत?

भावजी


५ जून

प्रिय भावजी,

बोटं उत्तम. मेअखेर पंच्याऐंशी, मान सरळ, नजर जमिनीवर. आणि परवा साडेसत्त्याऐंशी! पण त्या साडेसत्त्याऐंशीला एक प्रेक्षक होता.

मी चष्मा घरी विसरले. तुमचे दादा बस आगारात वेळापत्रकं लावणारे, दुपारचा मोकळा तास होता, म्हणून चष्मा द्यायला लॅबमध्ये आले. तिथल्या मुलीने सरळ सांगितलं, "बाई हल्ली जिममध्ये असतात या वेळी, समोरच्या गल्लीत." मी बार खाली ठेवला, वळले, तर दारात हे. हातात चष्म्याची डबी. किती वेळ उभे होते कोण जाणे. चेहरा पांढराफटक.

मी म्हटलं, "अहो—"

ते म्हणाले, "चष्मा." डबी बाकावर ठेवली आणि गेले.

संध्याकाळी मी सगळं सांगितलं. मान, कप्तान, स्पर्धा, पत्रं, तुमचीसुद्धा. मधे थांबवलं नाही. शेवटी विचारलं, "किती महिने?" मी म्हटलं, "दहा." ते म्हणाले, "दहा महिने तू खाली पडू शकली असतीस आणि मला माहीत नव्हतं." मी म्हटलं, "चौदा तारखेला या बघायला." ते म्हणाले, "ते मला जमणार नाही." तेव्हापासून बोलणं म्हणजे मीठ द्या आणि दार लावा.

मी जाणार आहे. ऐंशी, मग नव्वद, मग बघू. पण भावजी, तुम्ही त्यांना लिहा. माझं ऐकून ते फक्त घाबरतात.

वहिनी


८ जून

प्रिय दादा,

तू मला फरशीवरून उचललंस त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. मी गाव सोडलं, तू विषय सोडलास.

तुला एक गोष्ट माहीत नाही. त्याआधी तीन आठवडे माझ्या पायात मुंग्या होत्या. सकाळी न्याहारीला तू समोर बसायचास, मला सांगता आलं असतं. नाही सांगितलं. वहिनींच्या हाताला मार्चमध्ये तेच झालं. त्यांनी सांगितलं, थांबल्या, तपासून घेतलं, खाली उतरून पुन्हा चढल्या. मी जे केलं आणि त्या जे करतायत ते एक नाही. बाहेरून सारखं दिसतं एवढंच.

तू लपवल्याचा राग धर, तो तुझा हक्क आहे. पण जा. तू नसलास तरी त्या उचलणारच आहेत, दादा. फक्त तुला ते दिसणार नाही.

मीही पुन्हा सुरू केलंय. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहितो.

तुझा धाकटा


१५ जून

प्रिय धाकट्यास आशीर्वाद.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. उत्तर काल झालेल्या गोष्टींसकट देत आहे. तुझी वहिनी शेजारी बसून आकडे तपासते आहे.

मी गेलो. तिला सांगितलं नव्हतं. सभागृह मोठं, खुर्च्या लोखंडी. बाहेर पडायच्या दाराजवळची शेवटची खुर्ची धरली. दहा वाजता सुरू होणार होतं, दहा वाजून पंचवीस मिनिटांनी झालं. आगारात असं चाललं नसतं.

तिच्या गटात चौघी. अकरा वाजून दहा मिनिटांनी ती आली. मी तिला तीस वर्षं ओळखतो, पण अशी चालताना कधी पाहिली नव्हती. ऐंशी तिने भाजीची पिशवी उचलावी तसे उचलले. पंचांचे तीन पांढरे दिवे, म्हणजे उचल मान्य. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या, माझे हात खुर्चीला घट्ट धरून होते.

मग नव्वद. वर गेला, सरळ उभी राहिली, आणि पंचाचा हात खाली यायच्या आत तिने बार ठेवून दिला. तीन लाल दिवे. नियम म्हणे. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, "अरेरे, बिचारी." मला त्याचा इतका राग आला की मी म्हटलं, "बिचारी कसली? उचलला की नाही तिने?" आणि त्याला एवढं सुनावल्यावर मागे बसणं बरं दिसेना, म्हणून मी पुढे जाऊन बसलो. दुसऱ्या रांगेत.

तिथून सगळं दिसत होतं. त्या कप्तान बाईंनी तिला काहीतरी विचारलं. तिने डावा हात समोर धरला, अंगठा प्रत्येक बोटाला लावून दाखवला, एक, दोन, तीन, चार. बाईंनी मान हलवली. हे त्या दोघी कुणाला दाखवण्यासाठी करत नव्हत्या. ती रोज असंच करत असणार, मी नसताना. धाकट्या, तुझ्या पत्रातलं ते वाक्य मला तेव्हा कळलं, बाहेरून सारखं दिसतं ते.

मग ध्वनिक्षेपकावर जाहीर झालं: तिसरी उचल, पंच्याण्णव. नव्वद परत नाही, पंच्याण्णव! हिने सरावात कधी उचललेले नव्हते हे मला माहीत होतं, कारण तोवर मी तिची वही चोरून वाचली होती. लपवण्यात आमच्या घरात कुणीच मागे नाही.

अकरा वाजून बेचाळीस मिनिटं. तिने बार धरला. मान पाठीच्या रेषेत, नजर खाली. जमिनीवरून सुटला. नडगी. गुडघ्यापाशी अडकला. अडकला म्हणजे थांबलाच. अंग थरथरतंय, बार जागचा हलत नाही, वर नाही आणि खाली नाही. मला तू दिसलास. खरं सांगतो, तिथे तूच दिसलास, ती फरशी, तुझा वळलेला पाय. मी उठून उभा राहिलो. ओरडायचं होतं, "ठेव खाली!" तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "ओढ! ओढ गं! ओढ!"

इतक्या मोठ्याने की पंच वळला. आणि बार वर गेला.

ती उभी होती. सरळ. पंचाचा हात हवेत, आम्ही सगळे त्या हाताकडे बघतोय, तो खाली येईच ना. मग आला. तिने बार ठेवला, टाकला नाही, ठेवला. एक पांढरा. दोन पांढरे. तीन! मी शेजारच्या अनोळखी बाईंना मिठी मारली. त्यांचे यजमान समजूतदार निघाले.

ती दुसरी आली. पहिली आली ती एकशे दोन उचलणारी पासष्ट वर्षांची बाई आहे, आणि तुझ्या वहिनीने तिला आत्ताच सांगून ठेवलं आहे की पुढच्या वर्षी भेटू.

मंचाच्या मागे गेलो. हाताला खडू, कपाळाला खडू, हसून हसून दम लागलेली. मला बघून जवळ आली. मग विचारलं, "घाबरलात?"

मी म्हटलं, "हो."

तुझ्या त्या दिवसापासून मी रागावलो, नियम केले, विषय बंद केले, पण हा एक शब्द कधी उच्चारला नाही. उच्चारला आणि आभाळ कोसळलं नाही. ती म्हणाली, "मीही." आणि आम्ही तिथे प्लेटांच्या ढिगावर बसून पाणी प्यायलो.

आता तुझ्याबद्दल. वहिनी म्हणते तू पन्नासवर आहेस. चांगलं आहे. पण मला आकडा नको आहे. दवाखान्यातून तुला घरी आणलं त्यानंतर तू चार महिने पडून होतास, आणि मी रोज औषधाच्या वेळा लिहून तुझ्या उशाशी ठेवत होतो, आणि एकदाही खुर्ची ओढून तुझ्याजवळ बसलो नाही. तुझ्याकडे बघवत नव्हतं. मग तू गेलास. अकरा वर्षं फोनवर हवापाणी विचारलं.

येत्या शनिवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांच्या गाडीने निघतो. दुपारी पोचेन. दोन दिवस राहीन.

धाकट्या, तुझी पाठ कशी आहे?

दादा